टकटक ऐकू आल्यावर

२००६ सालचा सप्टेंबर. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका लहानशा डीटीपी सेंटरमध्ये मी कामाला होतो. दिवाळी अंकांचे दिवस, म्हणजे घरी जायची वेळ ठरलेली नसे. रात्री साडेअकराच्या सुमारास सीपीयूतून आवाज यायला लागला. टक्, टक्, टक्, मग बारीक किरकिर, मग पुन्हा तीनदा टक्. स्क्रीन थिजली. मी मशीन बंद करून चालू केलं. विंडोज आलं, फोल्डर दिसला, फाइलही दिसली. उघडायला गेलो की पुन्हा टकटक. बंद, चालू. बंद, चालू. असं सात वेळा केलं. आठव्या वेळी चेकडिस्क आपणहून सुरू झालं आणि मी ते होऊ दिलं, कारण टक्क्यांचा आकडा पुढे सरकत होता आणि काहीतरी दुरुस्त होतंय असं मला वाटत होतं. पहाटे तीनला आवाज थांबला. त्यानंतर ती डिस्क कुठल्याही मशीनला दिसली नाही.

त्या डिस्कवर भोर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं जमवलेल्या जात्यावरच्या ३४० ओव्या होत्या. सासूकडून, जावांकडून, आजूबाजूच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून त्यांनी त्या वहीत उतरवल्या होत्या. मी त्या टाइप केल्या, बाईंनी प्रुफं तपासली, आणि आता काम झालं म्हणून ती वही सेंटरमधल्या रद्दीबरोबर गेली. बाईंना फोन करून सांगायचं माझ्याकडे आलं. सगळं ऐकून घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, “बरं.”

हे पुस्तक लिहायला मला एवढी वर्षं लागली, पण त्याची सुरुवात त्या फोनवर झाली.

पुढे मी याच कामात पडलो. लोकांच्या उडालेल्या डिस्क घ्यायच्या आणि त्यांवरचं जे काही निघेल ते काढून द्यायचं. लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, पीएच.डी.चे प्रबंध, गेलेल्या वडिलांचा आवाज, पोल्ट्रीच्या धंद्याचा टॅलीतला दहा वर्षांचा डेटा. हे करताना एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसली. डिस्क ज्या अवस्थेत माझ्या टेबलावर येते ती अवस्था बिघाडानं झालेली असते त्याहून जास्त बिघाडानंतरच्या अर्ध्या तासानं झालेली असते. त्या अर्ध्या तासात कोणी तज्ज्ञ जवळ नसतो. घरातला मुलगा असतो, ऑफिसातला क्लार्क असतो, ‘जरा बघतो’ म्हणणारा शेजारी असतो. सगळ्यांचा हेतू चांगला असतो, आणि सगळे तेच करतात जे मी त्या रात्री केलं. म्हणून हे पुस्तक इंजिनिअरांसाठी लिहिलेलं नाही. त्या अर्ध्या तासात मशीनसमोर जो कोणी बसलेला असेल त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्याच भाषेत असावं म्हणून मराठीत आहे.

त्याला सगळ्यात आधी सांगायचं ते असं की डिस्क दुरुस्त होत नाही. दुकानात ‘रिपेअर’ म्हणतात, सॉफ्टवेअरच्या जाहिराती ‘रिपेअर’ म्हणतात, पण झिजलेलं हेड पुन्हा नवं होत नाही आणि ओरखडलेली तबकडी भरून येत नाही. डिस्क जाणारच आहे. तिच्यावर जे लिहिलंय ते ती जाण्याआधी दुसरीकडे उतरवून घ्यायचं, एवढंच काम असतं. पोथी जीर्ण झाली की जुने लोक आधी तिची नक्कल करून घेत. पानं भराभर उलटून हवा तो श्लोक शोधत बसत नसत, कारण उलटताना पान तुटतं. डिस्कचंही तसंच आहे. फोल्डर उघडून बघणं, फाइलवर क्लिक करणं, ‘आता चालतेय का’ म्हणून पुन्हा सुरू करणं, हे सगळं पानं उलटणंच आहे.

असं का होतं हे कळण्यासाठी डिस्कच्या पोटात डोकवायला हवं. आत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या तबकड्या असतात, त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर. डेस्कटॉपमधल्या डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे तिच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो. या वेगानं तबकडी आपल्यासोबत जी हवा ओढते, त्या हवेवर वाचणारं-लिहिणारं हेड तरंगतं. हेड आणि तबकडी यांच्यातली फट काही नॅनोमीटरची असते. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. त्या फटीपुढे सिगारेटच्या धुराचा कण म्हणजे रस्त्यातला धोंडा आहे. हेड एकदा तबकडीला घासलं की थर खरवडला जातो, त्याची भुकटी आत फिरत राहते, ती पुन्हा हेडखाली येते आणि ओरखडा रुंदावतो. टकटक आवाज येतो तो बहुतेक वेळा हेडचाच: आपण तबकडीवर कुठे आहोत हे दाखवणाऱ्या खुणा त्याला वाचता येत नाहीत, म्हणून ते मागे जाऊन आपटतं आणि पुन्हा शोधायला निघतं. प्रत्येक टक् म्हणजे तबकडीवरून आणखी एक फेरी. माझ्या त्या सात वेळांच्या बंद-चालूमध्ये अशा किती फेऱ्या झाल्या असतील याचा हिशेब मी करू शकत नाही.

बिघडण्याबद्दल इतकं लिहिलं, पण हे यंत्र मुळात चालतं याचं मला आजही नवल वाटतं. आयबीएमनं १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनभर होतं आणि मावत होती ५० लाख अक्षरं. आज मोबाइलनं काढलेल्या एका फोटोला तेवढी जागा लागते. १९७३ साली त्याच कंपनीनं तबकड्या आणि हेड एकत्र बंद करून टाकणारी ‘विंचेस्टर’ रचना आणली, आणि आपल्या आजच्या बंद डबीचं घराणं तिथून सुरू होतं. १९८८ साली अल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे एक चुंबकीय परिणाम शोधला; अत्यंत क्षीण चुंबकीय खुणा वाचणारी हेड त्यावरून झाली आणि डिस्कची क्षमता झपाट्यानं वाढली. २००७ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं. आपण ज्या वस्तूला ‘साली उडाली’ म्हणून शिव्या देतो तिच्यात एवढं काही आहे, हे या पुस्तकाच्या वाचकाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. वस्तूबद्दल आदर असला की माणूस तिला हलक्या हातानं हाताळतो.

तबकडीवरची जागा सेक्टरांत वाटलेली असते. ५०० जीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटांचे ९७ कोटी ६७ लाख ७३ हजार १६८ सेक्टर असतात. प्रत्येक सेक्टरसोबत चूक सुधारणारा कोड लिहिलेला असतो, त्यामुळे थोडं अस्पष्ट वाचलं गेलं तरी डिस्क ते नीट करून आपल्याला देते. एखादा सेक्टर फारच खराब झाला तर राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याच्या जागी लावते. हे सगळं ती आपल्याला न सांगता करते. म्हणून आपल्याला पहिल्यांदा काही जाणवतं, फोल्डर उघडायला वेळ लागतो, कॉपी मध्येच अडकते, तेव्हा आतलं दुखणं बरंच जुनं झालेलं असतं.

ही दडवलेली नोंद वाचता येते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ती वाचण्याची स्मार्टमॉनटूल्स ही मोफत साधनं २००२ साली ब्रूस ॲलन या भौतिकशास्त्रज्ञानं सुरू केली. गुरुत्वीय लहरींचा शोध घेणाऱ्यांपैकी ते एक. नोंदीत पुष्कळ रांगा असतात, पण बघायच्या त्या तीन-चार: ५ क्रमांकाची, म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ ची, म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल लागायचा राहिलेले सेक्टर, आणि १९८ ची, म्हणजे वाचताच न आलेले. १९९ ची रांग वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा. निव्वळ केबलपायी घाबरून आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना पाच मिनिटांत घरी पाठवताना जो आनंद होतो तो वेगळाच.

पण या नोंदीवर विसंबू नका. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांमध्ये सर्वांत महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. म्हणजे नोंद स्वच्छ आहे म्हणून डिस्क ठणठणीत आहे असं होत नाही. उलट बाजूनं मात्र त्याच अभ्यासाचं सांगणं स्पष्ट आहे: पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते. पहिला बॅड सेक्टर दिसला की त्याच दिवशी कॉपी काढायला बसायचं. रविवारची वाट पाहू नये.

आता त्या अर्ध्या तासाकडे येतो. खराब झालेली डिस्क विंडोजला लावली की विंडोज गप्प बसत नाही. ती डिस्क ओळखायला जातं, फाइलींचा तक्ता वाचतं, फोटोंची छोटी चित्रं करायला घेतं, अँटिव्हायरस आपली तपासणी सुरू करतो, आणि या सगळ्यात डिस्कवर लिहिलंही जातं. एखादा सेक्टर वाचता आला नाही की डिस्क स्वतः बराच वेळ तिथेच घासत बसते आणि वर विंडोज पुन्हा तोच सेक्टर मागतं. मग ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची आहे का’ अशी चौकट येते आणि गोंधळलेला माणूस ‘हो’ म्हणतो. चेकडिस्कबद्दल तर मला कळवळून सांगायचंय. त्याचं काम तक्ता सुसंगत करणं आहे, तुमच्या फाइली वाचवणं नाही. वाचता न येणारी नोंद ते काढून टाकू शकतं. धडधाकट डिस्कवर ते उपयोगी आहे. मरत्या डिस्कवर ते घातक आहे.

त्याऐवजी काय करायचं, तर पॉवर काढायची. मग शांतपणे, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या दुसऱ्या मशीनला ती डिस्क, शक्यतो यूएसबीच्या डबीतून बाहेर काढून, सरळ साटा केबलनं लावायची, आणि पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढायची. या कामासाठी मी आंतोनियो दियाज दियाज यांनी लिहिलेलं ग्नू डीडीरेस्क्यू वापरतो. मोफत आहे, काळ्या पडद्यावर चालतं, बघायला काहीच आकर्षक नाही. पण त्याच्या चालण्यात जो समंजसपणा आहे तो मी फार थोड्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिला आहे.

साधी कॉपी करणारा प्रोग्रॅम पहिल्या खड्ड्याशीच अडून बसतो. डीडीरेस्क्यू तिथून निघून जातं. जे सहज मिळतंय ते आधी घेतं. वाचनाचा वेग मंदावला किंवा चूक आली की थोडं पुढे उडी मारतं. पुढेही तेच झालं तर त्याहून मोठी उडी. चांगला भाग पूर्ण हाती आल्यावर मगच सोडलेल्या जागांकडे वळतं, त्यांच्या कडा वाचतं, शेवटी एकेक सेक्टर खरवडून बघतं. आणि या सगळ्याची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलीत, नकाशात, ठेवत जातं. तो नकाशा उघडून पाहा. डिस्कवरची जागा, तिची लांबी आणि पुढे एक खूण. मिळालेल्या भागापुढे अधिकचिन्ह, न मिळालेल्यापुढे उणे, कडा बघायच्या राहिल्या असतील तर तारा, खरवडायचं राहिलं असेल तर तिरपी रेघ, आणि जिथे अजून हातच लावला नाही तिथे प्रश्नचिन्ह. मध्येच लाइट गेली तरी हरकत नाही. नकाशा शाबूत असला की काम होतं तिथून पुढे सुरू होतं, आणि डिस्कला एकदा विचारलेलं पुन्हा विचारलं जात नाही.

एका रात्रीचं सांगतो. लॅपटॉपची ५०० जीबीची डिस्क होती, हातातून पडलेली. सुरुवातीला सेकंदाला ८० एमबीच्या वेगानं वाचत होती, म्हणजे सगळी दोन तासांत व्हायला हवी. पस्तिसाव्या मिनिटाला वेग एकदम सेकंदाला १२ केबीवर आला. माझ्यासमोर तिचे मालक बसले होते, त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. प्रोग्रॅमनं उडी मारली आणि वेग परत ८० वर. थोड्या वेळानं पुन्हा १२, पुन्हा उडी. नकाशात बघितलं तर हे खड्डे जवळपास सारख्या अंतरावर येत होते. याचा अर्थ कळला की पुढचं सगळं कळतं: चार हेडांपैकी एक मेलं होतं आणि डिस्क आपला डेटा हेडांमध्ये पट्ट्यापट्ट्यांनी वाटते, म्हणून दर चौथा पट्टा कोरा. ओरखडा असता तर खड्डे एका जागी गोळा झाले असते. अशा वेळी एका पट्ट्यात मावणारे छोटे फोटो बहुतेक सुखरूप मिळतात आणि पट्टे ओलांडणारे लांबलचक व्हिडिओ तुटतात. त्या गृहस्थांना मी तेव्हाच सांगितलं की मुंजीचे फोटो मिळतील, शूटिंग कदाचित मिळणार नाही. तसंच झालं. मेलेल्या हेडच्या पट्ट्यांवर तासन्‌तास हट्ट धरला असता तर उरलेली तीन हेडंही गेली असती.

नक्कल हाती आली की मूळ डिस्क पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून ठेवायची. यापुढचे सगळे प्रयोग नकलेवर. फाइलींचा तक्ता शाबूत असला तर नावागावासकट सगळं मिळतं. तो गेला असेल तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं फोटोरेक कच्च्या बाइटांतून फाइली ओळखून काढतं, कारण प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरलेली असते. नावं मात्र मिळत नाहीत. हजारो निनावी फाइलींत आपली फाइल शोधायची वेळ येते, आणि इथे मराठी वाचकासाठी काही वेगळं सांगावं लागतं जे इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही.

युनिकोडमधली देवनागरी यूटीएफ-८ पद्धतीनं साठवली की प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं होतं. हेक्स आकड्यांत पहिला बाइट नेहमी ई० (E0), दुसरा ए४ (A4) किंवा ए५ (A5). ‘क’ म्हणजे ई० ए४ ९५. कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नक्कल उघडा आणि ‘ई० ए४’ शोधा. इंग्रजी, चित्रं, कचरा यांच्या आकड्यांच्या रानात एकदम ई० ए४, ई० ए४, ई० ए५ अशी लय दिसायला लागते, ओळीमागून ओळ. तिथे मराठी आहे. ते पहिल्यांदा ओळखू आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. वर्डच्या जुन्या फाइलींत हीच लय वेगळी दिसते, तिथे अक्षरागणिक दुसरा बाइट ०९ असतो.

पण २०१० च्या आधीचा आपला बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. तो श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फाँटांत आणि पेजमेकरमध्ये आहे. त्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवली होती, म्हणून फाँट नसला की मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. ती बघून कितीजणांनी ‘फाइल करप्ट आहे’ म्हणून चांगल्या फाइली पुसून टाकल्या असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं. छापखाने, संस्था, स्थानिक साप्ताहिकं यांच्या जुन्या डिस्क वाचवताना विंडोजमधला फाँट्सचा फोल्डर आधी जपा. अक्षर हरवलं की मजकूर असूनही नाहीसा होतो. तीस वर्षांचं मराठी डीटीपी आज अशा डिस्कांवर कपाटांत पडून आहे, आणि मला विचाराल तर ते वाचवणं हे आपल्या ग्रंथालयांनी मनावर घ्यायचं काम आहे.

काही समजुती मात्र काढून टाकायलाच हव्यात. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायची नाही. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं आणि त्या फटीत पाण्याचा थेंब येतो. झाकण उघडून ‘अडकलेलं हेड’ बोटानं सरकवायचं नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याच मॉडेलच्या डिस्कची सर्किटची हिरवी पट्टी आणून लावली की डिस्क चालू होते, हे जुन्या काळी खरं होतं. आता त्या पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कच्या हेडांची मोजमापं लिहिलेली असतात. ती चिप काढून नव्या पट्टीवर बसवल्याशिवाय उपयोग नाही.

पुराचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे ती वेळ येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण. सांगलीच्या पुरानंतर एक शिक्षिका तांदळाच्या डब्यात डिस्क घेऊन आल्या. ओल शोषून घ्यावी म्हणून त्यांनी आठ दिवस ती तांदळात जपून ठेवली होती. बहुतेक डिस्कांना हवेचा दाब सांभाळायला एक बारीक भोक असतं. तिथून गढूळ पाणी आत गेलं होतं आणि आठ दिवसांत गाळ तबकडीवर वाळून घट्ट बसला होता. भिजलेली डिस्क वाळवायची नाही आणि तिला पॉवर तर मुळीच द्यायची नाही. ओलसर फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून, लवकरात लवकर स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेत न्यायची. ओला गाळ धुता येतो.

प्रयोगशाळेत काय होऊ शकतं याचं एक उदाहरण सगळ्या जगाला माहीत असायला हवं. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर फुटलं; कल्पना चावला त्यात होत्या. टेक्सासमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात काही महिन्यांनी त्या यानातली एक जळकी, वितळलेली हार्ड डिस्क सापडली. तिच्यावर झेनॉन वायूच्या प्रयोगाची मोजमापं होती. तंत्रज्ञांनी तबकड्या साफ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि जवळपास ९९ टक्के डेटा परत मिळाला. २००८ साली त्यावरून शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हे सांगितलं की लोक म्हणतात, मग आमची साधी पडलेली डिस्क का नाही होत? त्याचं उत्तर त्या डिस्कच्या नशिबात आहे: पत्रा वितळला, पण तबकड्यांचा लिहिलेला भाग शाबूत राहिला, आणि पडल्यानंतर तिला कोणी सात वेळा बंद-चालू केलं नाही.

या पुस्तकानं होणार नाही असंही पुष्कळ आहे. टकटक सुरू झालेली असेल आणि आतला डेटा तुम्हाला खरोखर अमोल असेल, तर पहिलं प्रकरण वाचून पुस्तक मिटा आणि चांगल्या प्रयोगशाळेत जा. डेटा दाखवल्याशिवाय पूर्ण पैसे मागणाऱ्याकडे आणि तुमच्यासमोर साध्या टेबलावर झाकण उघडणाऱ्याकडे जाऊ नका. एसएसडीचं वेगळं आहे: त्यात फिरणारं काही नसतं, आवाज नसतो, बहुतेक वेळा सूचनाही नसते, आणि पुसलेली फाइल ‘ट्रिम’ या आज्ञेमुळे खरोखरच पुसली जाते. नव्या लॅपटॉपांत बिटलॉकरचं कुलूप अनेकदा मालकाला न कळता लागलेलं असतं. त्याची किल्ली नसेल तर पूर्ण नक्कल मिळूनही आत जाता येत नाही. ती किल्ली आजच शोधून कागदावर लिहून ठेवा.

बॅकअपवर शेवटचं प्रकरण आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या पुस्तकामुळे रूढ झालेला हा हिशेब सोपा आहे आणि पुरेसा आहे. पण ज्याची डिस्क आत्ता उडाली आहे त्याला ‘बॅकअप घेतला नव्हता का?’ असं कृपा करून विचारू नका. ते उत्तर त्याला माहीत असतं.

ती २००६ सालची डिस्क मी टाकली नाही. २०१५ साली मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत दिली. त्यांनी त्याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधून तिची हेडं हिच्यात बसवली. बाहेरच्या कडेला रुंद ओरखडा होता, तिथला थर पार निघून गेला होता. पेजमेकरची फाइल उघडली नाही. पण तिचे तुकडे मिळाले. त्यातली इंग्रजी अक्षरांची खिचडी वेगळी काढून मी तिला श्रीलिपीचा फाँट लावला आणि स्क्रीनवर ओव्या आल्या. ४१ पूर्ण. बेचाळिसावीची पहिली ओळ होती, दुसरी नव्हती.

बाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. फोन केला, त्यांच्या सुनेनं दिला. मी पहिली ओळ वाचून दाखवली. त्या थोडा वेळ थांबल्या आणि पूर्ण ओवी म्हणाल्या, चालीवर. त्यांनी म्हटलेली पहिली ओळ मी वाचलेल्या ओळीहून वेगळी होती. लेकीच्या जागी सून आली होती. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडं अशी, आणि माहेरी तुम्ही म्हणता तशी. मी दोन्ही लिहून घेतल्या.